‘शिष्ट’ हा शब्द आत्याच्या पानावर ठेवू की काढू?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न एकाच शब्दाचा आहे, पण तो जिच्यासाठी वापरला गेला ती माझी आत्या, त्यामुळे थोडं लांबेल.

आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठाला. गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. शाळेला ज्यांचा हातभार लागला अशा माणसांवर एकेक पान आहे आणि आत्याचं पान माझ्याकडे आलंय. आत्या मागच्या पावसाळ्यात गेली, ७८व्या वर्षी. तिने ३५ वर्षं शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवले. ज्यांना शिलाई परवडत नसे त्यांचे पैसे ती वहीत मांडायची आणि ती वही पुन्हा कधी उघडायची नाही. वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या काही पानांवर तर नुसती मापं आहेत, आकडा कुठेच नाही.

पानासाठी वाडीतल्या चार जणांकडून दोन-दोन ओळी मागितल्या. शेजारच्या काकींनी आत्याला ५० वर्षं पाहिलेलं. त्यांनी सांगितलं, ‘‘तशी शिष्ट होती, पण हात सोन्याचो.’’ मी ते तसंच लिहून घेतलं. घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा ‘शिष्ट’वर अडकले ती अजून तिथेच आहे.

कणकवलीला मजकूर टाइप करायला दिला तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, ‘‘राहू दे ना मॅडम. शिष्ट म्हणजे सभ्यच. शिष्टाचार, शिष्टमंडळ, सगळे चांगलेच शब्द आहेत.’’ तो चुकीचं बोलत नव्हता. पण काकी त्या अर्थाने बोलल्या नव्हत्या हे मला पक्कं माहीत आहे.

आमच्याकडे गर्विष्ठपणाचे शब्द फार काटेकोर वापरतात. चाकरमानी गणपतीला येऊन मुंबईच्या फ्लॅटच्या गोष्टी सांगत बसला तर तो फुशारक्या मारतो. नवी गाडी घेऊन वाडीतल्या वाडीत हॉर्न वाजवत फिरला तर ‘तेका मिजास इली’. कलमांचे पैसे आले आणि माणूस थोरामोठ्यांना उलटून बोलायला लागला तर तो माज. माज हा जनावराचा शब्द. गाय माजावर येते, तोच. माणसाला लावला की फार खाली उतरवणारा होतो.

शिष्ट या सगळ्यांहून वेगळा. फुशारकी मारायला तोंड लागतं, मिजास दाखवायला काहीतरी वस्तू लागते. शिष्ट ठरायला काहीच करावं लागत नाही. पाणंदीतून जाताना गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, कोणीतरी विचारतं, ‘‘काय गो, खंय चल्लंस?’’ उत्तर म्हणून ‘‘हंयच जरा’’ (इथेच जरा) एवढं पुरतं. कुठे चाललोय हे विचारणाऱ्याला ऐकायचंच नसतं. पण ते ‘‘हंयच जरा’’ आलं नाही, एकदा नाही, दोनदा नाही, की तुम्ही शिष्ट. मग तो शब्द तुमच्या मागून लग्नाच्या मांडवात जातो, देवळात जातो, आणि आता बघतेय तर स्मरणिकेतही आला.

आत्याने आयुष्यातली बरीचशी वर्षं ‘‘हंयच जरा’’ म्हटलं नाही. त्याचं कारण होतं. ते इथे लिहावं की नाही याचा अजून विचार करतेय.

मला जाणकारांकडून एवढं हवंय: शब्द मुळात कसा आहे? गावाबाहेरचा माणूस हे पान वाचेल तेव्हा त्याला काय समजेल? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर ठेवला असता का?

संस्कृत_मास्तर_रत्नागिरी

ताई, मी ३० वर्षं संस्कृत शिकवलं. या शब्दाचं आपण जे केलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

धातू ‘शास्’. शिकवणं, वळण लावणं, आवरून धरणं. शास्त्र, शासन, शिष्य हे त्याच घरातले. शिष्ट म्हणजे ज्याला वळण लागलं आहे असा. (‘शिष्’ म्हणजे उरणे हा धातू वेगळा. शेष, अवशिष्ट, उच्छिष्ट त्याचे, आणि आपलं ‘उष्टं’ त्या उच्छिष्टाचं. मुलं हे दोन धातू नेहमी एकत्र करतात, म्हणून सांगितलं.)

आता खरी गंमत पुढे आहे. शिष्ट कोणाला म्हणावं याची व्याख्या बौधायन धर्मसूत्रात दिलेली आहे: ‘शिष्टाः खलु विगतमत्सरा निरहंकाराः कुम्भीधान्या अलोलुपा दम्भदर्पलोभमोहक्रोधविवर्जिताः’. मत्सर गेलेले, अहंकार नसलेले, घरात कुंभीभरच धान्य बाळगणारे, हाव नसलेले, आणि दंभ, दर्प, लोभ, मोह, क्रोध सोडलेले. व्याख्येत अहंकार नसणं दुसऱ्याच क्रमांकाला आहे, आणि दंभ व दर्प पुन्हा वेगळे मोजले आहेत. पतंजलीनेही महाभाष्यात शिष्टांचं वर्णन करताना ‘कुम्भीधान्य’ आणि ‘अलोलुप’ हेच शब्द घेतले. भाषेत शुद्ध काय, याचा निर्णय त्याने अशा माणसांच्या बोलण्यावर सोपवला.

म्हणजे ज्याला गर्व नाही त्याचं नाव शिष्ट होतं, आणि आज ज्याला गर्व आहे असं आपल्याला वाटतं त्याला आपण शिष्ट म्हणतो.

हे कसं झालं असेल? माझ्या समजुतीप्रमाणे, शिष्टांचं वागणं म्हणजे शिष्टाचार, आणि तो पाळणारा माणूस मोजकं बोलतो, कुठेही ऐसपैस बसत नाही, हसतानाही अंतर राखतो. खळ्यात उभ्या असलेल्याला ओटीवरच्या माणसाचं वळण दिसत नाही, अंतर तेवढं दिसतं. ‘शहाणा’चंही तेच झालं. ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ या वाक्यात शहाणपण कुठे उरलंय?

तुमच्या कणकवलीच्या मुलाला एक गोष्ट सांगा. समासात शब्द जुन्याच अर्थाने टिकून आहे: शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत. ‘शिष्टाई’ म्हणजे तर दोघांमध्ये पडून समेट घडवणं, जशी कृष्णशिष्टाई. पण समासातून एकटा सुटला, आणि त्यात आधी ‘फार’ किंवा ‘तशी’ लागलं, की निंदा. ‘अशिष्ट’ मात्र अजून असभ्यच. म्हणजे मराठी माणसाला शिष्टही म्हणून चालत नाही आणि अशिष्टही म्हणून चालत नाही.

‘तशी शिष्ट होती, पण’ हे वाक्य कोणताही मराठी वाचक निंदेच्याच अर्थाने घेईल. ‘पण’मुळे शंकेला जागाच राहत नाही.

राजपार्ट

ताई, मी कुडाळकडचा. दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजपार्ट (राजाची भूमिका) करतो. सगळ्यांना कळावं म्हणून साधं मराठी लिहितोय.

मास्तरांनी शब्दाचं सांगितलं, मी अंगाचं सांगतो. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. राजाचं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. मागे पडदा असतो, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. एवढ्यातून देवळासमोर बसलेल्या माणसांना कळलं पाहिजे की हा राजा आहे की दैत्य. म्हणून कोणाचा ताठा कुठे ठेवायचा हे आम्हाला आधी शिकवतात.

राजाचा रुबाब पाठीत असतो. तो बाकड्यावर बसला की पाठ टेकवत नाही आणि हात हलवत नाही. दैत्याची मिजास पायांत आणि डोळ्यांत. मृदंगावर पाय आपटत येतो, सगळ्या लोकांवर नजर फिरवतो, आपलीच कीर्ती आपण सांगतो. दैत्य कितीही गरजला तरी लोक त्याच्यावर खरे चिडत नाहीत. मुलं घाबरतात, मोठी माणसं हसतात, कारण पुढे त्याचा वध आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

लोक खरे चिडतात ते मी दुर्योधन करतो तेव्हा. कृष्णशिष्टाईचा प्रसंग. कृष्ण दरबारात येतो, सगळे उठतात, मी बाकड्यावरून उठत नाही आणि मान दुसरीकडे फिरवतो. तोंडातून शब्द काढत नाही. पाच गावं मागणं, सुईच्या अग्रावर राहील एवढीही जमीन नाही म्हणणं, ते सगळं नंतर येतं. पण बायका बोटं मोडतात ती मान फिरवल्यावर. एका जत्रेत पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘‘बघ मेलो, बघणा पण नाय!’’ तिला राज्याच्या वाटणीपेक्षा ते जास्त लागलं होतं.

म्हणून तुम्हाला विचारतो, राग मानू नका. तुमची आत्या कोणी बोलायला लागलं की मान कशी धरायची? समोर की बाजूला?

खाडीकाठची

राजपार्ट दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि मोबाइल खाली ठेवून थोडा वेळ पडवीत जाऊन बसले. लिहायचं नाही असं जे ठरवत होते ते आता लिहिते.

बाजूला. मान बाजूला धरायची. डावीकडे, खाडीच्या दिशेने. लग्नात, भजनाला, शाळेच्या सभेत, कोणी बोलायला आलं की ती तोंड त्याच्याकडून वळवून खाडीकडे बघत राहायची. लहानपणी मलाही ते आवडायचं नाही.

आत्याला ऐकू कमी यायचं. लहानपणी तिचे दोन्ही कान फुटायचे. गोडं तेल कोमट करून घालायचे, कापूस बोळायचे, पाऊस गेला की वाहणं थांबायचं आणि सगळे विसरून जायचे. डावा कान जवळजवळ गेलाच. उजव्याने थोडं यायचं. त्यामुळे बोलणाऱ्याकडे ती उजवा कान करायची आणि तोंड आपोआप दुसरीकडे जायचं. ती त्या माणसाचं बोलणं ऐकायची धडपड करत होती, आणि त्या माणसाला दिसत होती फिरवलेली मान.

शिवणाच्या मशीनवर उलटं. तिथे खडखडाटात काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून ती ओठ वाचायची. माप द्यायला आलेल्या मुलाला म्हणायची, ‘‘तोंड वर कर नि बोल.’’ माझ्या मैत्रिणींची आई म्हणायची, तुझी आत्या म्हणजे कोण कलेक्टर लागून गेली, पोरांना तोंड वर करायला लावते. बाजूला बघितलं तरी शिष्ट आणि समोर बघायला लावलं तरी शिष्ट.

हे घरात चौघांना माहीत होतं. आजीने लग्नाच्या वयात तिला बजावलं होतं की हे दाराबाहेर जाता कामा नये. लग्न तरीही झालं नाही, ती गोष्ट वेगळी. पण गुपित राहिलं. मी कॉलेजला असताना एकदा चिडून म्हटलं, अगं सांग ना लोकांना, उगाच कशाला नावं ठेवून घेतेस. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘बहिरी म्हणान घेवच्यापरास शिष्ट म्हणान घेतलेला बरा.’’

मला तेव्हा ते पटलं होतं. आज इतकी वर्षं झाल्यावर ते आठवलं की घशाशी येतं. बहिरी म्हटलं असतं तर लोकांनी कीव केली असती, खाणाखुणा केल्या असत्या, पाठीमागे हसले असते. शिष्ट म्हटल्यावर निदान दोन पावलं लांब राहिले. तिला ते दोन पावलांचं अंतर परवडत होतं.

६३व्या वर्षी मी तिला कोल्हापूरला नेलं आणि कानाचं मशीन घेतलं. पहिल्या आठवड्यात तिने मला फोनवर सांगितलं की पडवीच्या कौलांवर पाऊस पडतो त्याला एवढा आवाज असतो हे ती विसरून गेली होती. मग ती वाटेत थांबायला लागली. ‘‘हंयच जरा’’ म्हणायला लागली. आणि वाडीत काय बोललं गेलं माहीत आहे? ‘‘आता म्हातारपणी माणसात इली.’’

अजून एक सांगते, मग थांबते. त्याच स्मरणिकेत जुन्या मुख्याध्यापकांचं पान आहे. ते कोणाशी बोलत नसत, नमस्कार केला तरी मान हलवली तर हलवली. त्यांच्या पानावर छापलंय: ‘करारी, मितभाषी व्यक्तिमत्त्व’. कोणीही त्यांना शिष्ट म्हटलेलं मी ऐकलं नाही. हा शब्द बाईमाणसाच्या वाट्याला लवकर येतो असं मला वाटतं. पुरुष बोलला नाही तर त्याच्या डोक्यात काही विचार असेल असं धरून चालतात.

कानाची_ताई

मी चिपळूणला श्रवणतपासणीचं काम करते. ताई, तुमचं वाचून राहवलं नाही.

एक विचारते: तुमची आत्या हळू बोलायची का? माझा अंदाज आहे की हो. कान वाहून पडद्याला भोक पडतं किंवा आतली हाडं झिजतात तेव्हा बाहेरचा आवाज आत पोचत नाही, पण स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत जातो. त्यामुळे या माणसांना स्वतःचं बोलणं मोठं ऐकू येतं आणि ती आवाज खाली आणतात. आतली नस कमकुवत झालेली माणसं बहुधा मोठ्याने बोलतात, आणि लोकांच्या मनात बहिऱ्या माणसाचं चित्र तेच असतं. हळू, मोजकं बोलणाऱ्या बाईला ऐकू येत नसेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

माझ्याकडे आजही वर्गातून पाठवलेली मुलं येतात. ‘लक्ष देत नाही’, ‘हाक मारली तर बघत नाही’, ‘आगाऊ आहे’. तपासलं तर कान वाहतोय. आता पडद्याची शस्त्रक्रिया होते, मशीन लवकर बसतं. जे वाचत आहेत त्यांना कळकळीने सांगते, पोराच्या कानात तेल घालू नका आणि वाहता कान पाऊस जाईपर्यंत तसाच ठेवू नका.

पानावर लिहायचं झालं तर ‘बहिरी’ लिहू नका, ‘कर्णबधिर’ असा जड शब्दही नको. ‘ऐकू कमी येत होतं’ एवढंच लिहा. तपासायला येणारी माणसं स्वतःबद्दल तसंच सांगतात.

गिरगाव_चाळ

थोडं वेगळं मत मांडतो. ज्या बाईने आयुष्यभर एक गोष्ट लपवली, ती तिच्या मागे छापायचा अधिकार भाचीला आहे का? मी असतो तर दोन्ही काढलं असतं. ‘स्वभावाने मानी’ असं लिहा. सगळ्यांचा मान राहील.

दाभोळखाडी

अस्सलाम अलैकुम, नमस्कार. मी दापोली तालुक्यातली, घरात कोकणी बोलतो, चौथीपर्यंत उर्दू शाळा.

खाडीकाठच्या ताईंनी ‘मिजास’ लिहिलं त्यावरून माझं जुनं दुखणं आठवलं. अरबीत मिजाज म्हणजे मिश्रण. यूनानी वैद्यकात रक्त, कफ, पित्त आणि काळं पित्त असे चार रस मानतात. त्यांच्या मिश्रणावरून माणसाची जी प्रकृती ठरते तो मिजाज. म्हणून उर्दूत भेटल्यावर ‘मिजाज कसा आहे’ विचारणं ही अदब, आणि आजारी माणसाच्या विचारपुशीला जाणं म्हणजे मिजाजपुर्सी. माझी दादी वाडीत कोणी आजारी पडलं, हिंदू असो की मुसलमान, की शिरखुर्म्याचा नाहीतर पेजेचा डबा घेऊन निघायची आणि सांगायची, मिजाजपुर्सीला चालले.

पाचवीला मराठी शाळेत गेले. पहिल्या आठवड्यात बाई तापातून उठून आल्या होत्या. मी उभी राहून विचारलं, ‘‘बाई, तुमची मिजास कशी आहे?’’ बाईंनी मला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. मी काय चुकले ते मला कोणी सांगितलं नाही. घरी येऊन दादीला विचारलं, तिलाही कळेना. तब्येत विचारली त्यात एवढं काय?

दिमाखही तसाच. तिकडे मेंदू, इकडे थाटमाट. पण दिमाखाचं मराठीत बरं झालं, लग्नपत्रिकेतही चालतो. मिजासचं वाईट झालं.

तुमच्या आत्याच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे. शब्द काढू नका. मला वर्गाबाहेर उभं केलं ते घडलं, तसं तिला शिष्ट म्हटलं तेही घडलं. पण मला त्या दिवशी कोणीतरी शेजारी उभं राहून सांगायला हवं होतं की या पोरीने तब्येत विचारली आहे. तेवढं तुम्ही करा.

संस्कृत_मास्तर_रत्नागिरी

दाभोळखाडी यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ‘मानी’ला माझाही विरोध आहे. मानी म्हणजे मानाला जपणारा, अपमान सहन न करणारा. ज्या बाईने ३५ वर्षं शिष्ट ऐकून घेतलं आणि त्याच पोरांचे गणवेश शिवले, तिला मानी कसं म्हणणार? बौधायनाची कुंभीभर धान्याची अट मात्र ती वही न उघडण्याशी जुळते.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. मध्ये चार दिवस गेले, काय झालं ते सांगते.

आधी गिरगावचे दादा, तुमचा प्रश्न मी मनाला लावून घेतला. आत्याने लपवलं ते ६३ वर्षांपर्यंत. मशीन आल्यावर तिने ते पदराखाली किंवा केसांखाली कधी दडवलं नाही. दर आठवड्याला बॅटरी बदलताना शेजारची पोरं भोवती जमायची आणि ती त्यांना जुनी बॅटरी खेळायला न देता डबीत टाकायची, गिळाल म्हणून. पाहुण्यांसमोर मशीन काढून पुसायची. म्हणजे तिचं तिने उघड केलं होतं. फक्त आधीच्या वर्षांशी ते कोणी जोडलं नाही, आणि मीही जोडून दिलं नाही. तेवढं माझं राहिलं होतं.

चिपळूणच्या ताई, हो. फार हळू बोलायची. आम्ही तिला घरात ‘देवळात बोलल्यासारखी बोलते’ म्हणायचो. हे हाडातून आवाज जाण्याचं मला आज कळलं.

काल संध्याकाळी पान घेऊन काकींकडे गेले. त्यांचं वाक्य आहे, त्यांना न सांगता बदलणं बरोबर नव्हतं. त्या खळ्यात सोलं वाळत घातलेली उचलत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांची ओळ होती तशीच: ‘तशी शिष्ट होती, पण हात सोन्याचो.’ त्याच्या खाली माझी: ‘वाडीने तिला शिष्ट म्हटलं. लहानपणापासून तिला ऐकू कमी येत होतं. बोलणाऱ्याकडे ती उजवा कान करायची, म्हणून तिचं तोंड दुसरीकडे दिसायचं.’

काकींनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘‘उजवो?’’ मी हो म्हटलं. त्या उठल्या, गडग्यापर्यंत गेल्या, जिथून त्या रोज आत्याला हाक मारायच्या. गडग्याच्या त्या बाजूला उभं राहिलं की स्टँडकडे जाणाऱ्या माणसाचा डावा कान येतो. ५० वर्षं त्यांनी डाव्या कानात हाक मारली होती.

‘‘माका ठावक असता तर मी फुडसून येवन बोललंय असतंय,’’ म्हणाल्या.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी विचारलं, तुमची ओळ काढू का? नको म्हणाल्या. त्या तसं बोलल्या हे खरं आहे, राहू दे. फक्त ‘पण’ काढायला सांगितला. आता ओळ अशी आहे: ‘शिष्ट म्हणायचो. हात सोन्याचो.’

आज सकाळी कणकवलीला गेले. त्या मुलाने ‘शिष्ट’भोवती अवतरणचिन्हं टाकून ठेवली होती, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. मी ती काढायला सांगितली.